ई-विपणन (पदवी अभ्यासविषय)

आंतरजाल व मोबाईलद्वारे वस्तू-सेवांची जाहिरात, विक्री व ग्राहकसंपर्क यांचा वाणिज्य व व्यवसाय व्यवस्थापन पदवीस्तरावरील अभ्यास (पहा : विपणन, ई-वाणिज्य).

उगम : १९९४ मध्ये आंतरजालावर फलक-जाहिराती सुरू झाल्या; २००० मध्ये गूगलची जाहिरातसेवा आली. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना कायदेशीर मान्यता दिली. २०१६ पासून यूपीआयमुळे लहान दुकानांतही ऑनलाइन भरणा रुळला.

वैशिष्ट्ये : शोधयंत्र-अनुकूलन, समाजमाध्यमे, ई-मेल, जाहिरात-अंदाजपत्रक व विदा-विश्लेषण हे मुख्य घटक. परिणाम गुणोत्तरांनी मोजतात : २,००० वेळा दिसलेल्या जाहिरातीवर ५० क्लिक झाले, तर क्लिकदर २.५ टक्के. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० व डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हे कायदेविषयक भागात येतात (पहा : ग्राहक संरक्षण).

महत्त्व : उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगर शहरात जालना रस्त्यावरील मुकुंदवाडीलगत सिडको वसाहत व चिकलठाणा औद्योगिक क्षेत्र असल्याने किरकोळ दुकान आणि कारखाना या दोहोंचे विपणन विद्यार्थ्यास जवळून अभ्यासता येते. दुकानाची नकाशावरील नोंद, वेळा, छायाचित्रे व ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे हा प्राथमिक प्रात्यक्षिकाचा विषय होऊ शकतो. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या पैठणीसारख्या उत्पादनांना दूरचे ग्राहक मिळवून देण्यासाठीही हे ज्ञान उपयोगी पडते (पहा : पैठणी, भौगोलिक मानांकन).