पायाखालचा 'वा'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात कोणी पाहत नसेल तर एक करून पाहा. ओठांचा चंबू करून 'ऊ' म्हणा आणि आवाज न तोडता तोंड सावकाश उघडत 'आ'पर्यंत या. झाला 'वा'. शाळेत आम्हांला यण् संधी शिकवला होता : सु अधिक आगत, स्वागत. सूत्र पाठ केले, उदाहरणे लिहिली. पण उ आणि आ जवळ आले की मध्ये 'व' कुठून येतो हे कोणी तोंड उघडून दाखवले नाही. ते मला पुढे श्रीरामपूरच्या एका रेडिओ मेकॅनिकमुळे कळले, तेही गिटारच्या पेडलवर.

ते पेडल हाच आजचा विषय. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी एक धातूचे खोके असते आणि त्यावर चपलेएवढी हलती पट्टी. टाच दाबली की गिटार तोंडातल्या तोंडात बोलते, चवडा दाबला की तिचे तोंड उघडते. पाय मागेपुढे करत राहिले की तार 'वा-वा' म्हणू लागते, आणि जगभर त्या पेडलला नावही तेच पडले. आम्ही मुशायऱ्यात जाणारे लोक या एका शब्दासाठी जन्मभर झुरतो आणि हे खोके तो उठल्यासुटल्या म्हणते!

हा आवाज मुळात गिटारचा नव्हे, ट्रम्पेटचा. अमेरिकेत १९२०च्या दशकात किंग ऑलिव्हरसारखे जाझ वादक ट्रम्पेट-कॉर्नेटच्या तोंडाशी कप धरून, कधी मोरी तुंबल्यावर वापरतात तसला रबरी प्याला धरून, तो हलवत आवाजाला रडवायचे, हसवायचे. क्लाइड मॅकॉय नावाच्या ट्रम्पेटवाल्याची 'शुगर ब्लूज' ही तबकडी १९३१ साली मुद्रित झाली आणि त्या रडव्या आवाजावर त्याचे नाव झाले.

माझे मामू बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. मॅकॉय त्यांच्या कानावर कधी आला नसावा. पण मिरवणूक पारावर थांबली की ते खिशातून नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी काढत आणि ट्रम्पेटच्या तोंडाशी उघडझाप करत. पोरे हसून लोळत. ही विद्या कुठून आली असे विचारले की ते म्हणत, 'अलबेला'तून. तंबूतल्या सिनेमात त्यांनी तो चित्रपट किती वेळा पाहिला याचा हिशेब घरात कोणाकडेच नव्हता.

आता 'अलबेला' म्हटले की नगरकराची छाती थोडी फुगते, आणि तो हक्क त्याला आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. बोलताना आम्ही पूर्वीही नगरच म्हणत होतो, आजही नगरच म्हणतो. या जिल्ह्यात गोदावरीकाठी पुणतांबे आहे. चांगदेवांच्या समाधीचे गाव. २०१७च्या शेतकरी संपामुळे ते साऱ्या देशाला ठाऊक झाले. तिथे १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मले, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. त्यांनी १९४७च्या 'शहनाई'त आणि १९५१च्या 'अलबेला'त हिंदी गाण्याला जो पाश्चात्त्य ठेका दिला, त्यात त्यांच्या उजव्या हाताला गोव्याचा एक ट्रम्पेटवाला होता : अँटोनिओ झेवियर वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखे. मुंबईच्या जाझवेड्यांच्या लेखी तो हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग होता. 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. अमेरिकेतल्या काळ्या वादकांचे ट्रम्पेट एका गोवेकराच्या ओठांवर आले, पुणतांब्याच्या एका ब्राह्मणाच्या चालीत बसले आणि तिथून तंबूतल्या सिनेमातून श्रीरामपूरच्या एका मुसलमान बँडवाल्याच्या करवंटीत उतरले. हा प्रवास कुठल्या पुस्तकात सलग लिहिलेला मला मिळाला नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

चिक चॉकलेट १९६७ साली गेला. नेमक्या त्याच वर्षी ते पेडल बाजारात आले.

त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन नावाची कंपनी होती. व्हॉक्सचे ॲम्प्लिफायर अमेरिकेत तीच बनवी आणि विके. त्या ॲम्प्लिफायरवर मधल्या पट्टीतले स्वर उठवण्यासाठी तीन स्थितींचा एक स्विच होता आणि तो महाग पडे. खर्च वाचवा, असे ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्याला सांगण्यात आले. १९६६ साली त्याने स्विचच्या जागी एक स्वस्त फिरती कळ बसवली. आपण रेडिओचा आवाज कमीजास्त करतो तसलीच. कळ फिरवताना कोणीतरी गिटार वाजवली आणि खोलीतले सगळे चमकले. तीन स्थितींमध्ये उड्या मारणारा आवाज आता सलग सरकत होता, आणि सरकताना 'वा' म्हणत होता. पण गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. कळ फिरवणार कोण? शेजारी व्हॉक्स ऑर्गनचे आवाज कमीजास्त करायचे पायपेडल होते. त्याच्या पोटात हे सर्किट बसवण्यात आले. एकस्वाचा अर्ज फेब्रुवारी १९६७मध्ये गेला, मंजुरी १९७० साली मिळाली.

कंपनीच्या प्रमुखांना मात्र वाटत होते की हे यंत्र ट्रम्पेटवाले घेतील. म्हणून पहिल्या पेडलांवर क्लाइड मॅकॉयचे नाव छापले गेले. गिटारसाठी डेल कॅशर हा वादक त्यांच्या मागे लागला होता, आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. एरिक क्लॅप्टन, जिमी हेंड्रिक्स यांनी १९६७-६८मध्येच या पेडलला बोलते केले. १९७१च्या 'शाफ्ट'मधली त्याची कुजबुज इतकी पसरली की आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या चित्रपटात खलनायकाची मोटार घाटात शिरली की गिटार वाकवाक करू लागे. त्याच कंपनीने त्याला दुसरे नाव दिले 'क्राय बेबी', म्हणजे रडवे पोर. ट्रम्पेटवाल्यांनी ते फारसे घेतले नाही. त्यांच्याकडे हात होते.

आमच्या घरात हे पेडल १९९०च्या सुमारास शिरले. थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. मी बी.ए.ला होतो आणि निवेदन करत होतो. मामूंच्या बँडची कामे तोवर कमी झाली होती, म्हणून तेही ट्रम्पेट घेऊन आमच्यातच आले. भाईजानांनी दोन हंगामांची बिदागी साठवली, मुंबईला जाऊन एका दुकानातून जुने परदेशी पेडल आणले, घरी येऊन जोडले आणि दाबले. गिटार मोठी झाली, लहान झाली. 'वा' काही म्हणेना. दुकानदाराने आवाज कमीजास्त करायचे पेडल वा-वा म्हणून गळ्यात मारले होते. दोन्ही दिसायला सारखीच, आणि भाईजानांनी वा-वा पेडल तोवर फक्त चित्रात पाहिलेले. मामू म्हणाले, "हाथ का काम पाँव से करने चला था. ले अब."

ते खोके रेडिओ मेकॅनिककडे गेले. त्यांनी झाकण उघडले, आतली दातेरी पट्टी आणि कळ पाहिली आणि म्हणाले, अंग तेच आहे, फक्त जीव दुसरा घालायचा. प्लंकेटचे नावही न ऐकलेल्या त्या माणसाने प्लंकेटच्या मंडळींनी केले तेच केले. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर, कपॅसिटर. तारेचे वेटोळे, ज्याला इंडक्टर म्हणतात, ते मिळेना. तेव्हा मोडक्या खिशातल्या रेडिओचा इवलासा ट्रान्सफॉर्मर काढून त्याचे वेटोळे वापरले. वेटोळे आणि कपॅसिटर मिळून स्वरांच्या गर्दीतला एक चिंचोळा पट्टा वर उचलतात. पाय हलला की तो पट्टा खालून वर सरकतो, साधारण चारशे कंपनांपासून दोन हजारांपर्यंत. आपली जीभ आणि ओठ घशातल्या आवाजाचे हेच करतात, म्हणून तर आपल्याला स्वर ऐकू येतात. मेकॅनिकला गिटार समजत नव्हती. त्यांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, तुम्ही कवी ना, म्हणा 'वा'. मी म्हणायचे, त्यांनी कपॅसिटर बदलायचा, भाईजानांनी तार छेडायची. चौथ्या रात्री पेडलने माझ्यासारखे तोंड उघडले. माझ्या कवितेचा इतका नेमका उपयोग पुन्हा कधी झालेला नाही.

त्या चार रात्रींत पेडल कसे पारखावे हे मी शिकलो. पट्टी मुंगीच्या वेगाने दाबावी आणि 'वा' कुठे उघडतो ते ऐकावे. शेवटच्या बोटभर अंतरात एकदम उघडत असेल तर ते पेडल गाणाऱ्याला नको. टाच दाबल्यावर आवाज चिखलात रुतू नये, चवडा दाबल्यावर कान टोचू नये. आणि पेडल बंद ठेवून गिटार ऐकावी, मग पेडल काढून ऐकावी. जुन्या घडणीत बंद असतानाही सर्किट तारेला लोंबकळत राहते आणि आवाजातली धार खाते. हा फरक दुकानदार कधी सांगत नाही. वजनाला जड घ्यावे, नाहीतर मंचावर ते पायाबरोबर चालू लागते. काही पेडलांत कळच नसते, प्रकाशाच्या झडपेवर काम चालते; ती खरखरत नाहीत. मला ती आवडतात, भाईजानांना नाहीत.

खरखर हा या यंत्राचा म्हातारपणाचा खोकला. कळीच्या आत कार्बनची पट्टी असते, ती झिजते, तिच्यावर धूळ बसते, आणि आमच्या भागात धुळीची ददात नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पट्टी वीस-पंचवीस वेळा हलवली की बरेचदा भागते. शिवणयंत्राचे तेल मात्र चुकूनही घालू नये. तेलावर धूळ चिकटते आणि मग कळच बदलावी लागते. दातेरी पट्टी एक-दोन दाते सरकवून बसवली तर 'वा' थोडा खर्जात किंवा थोडा वर उघडतो. हा फुकटचा इलाज मेकॅनिकने दाखवला. पावसाळ्यात पडून राहणार असेल तर बॅटरी काढावी, नाहीतर ती आत पाझरते. आणि सर्वांत महत्त्वाचे : बॅटरीवर चालणाऱ्या या पेडलांना बहुधा वेगळे बटण नसते. गिटारची तार आत खुपसली की बॅटरी चालू, कार्यक्रम संपला तरी चालूच. रात्री जॅक उपसून ठेवायचा. आमच्याकडे ते काम निवेदकाचे, म्हणजे माझे.

गणेशोत्सवात पुणतांब्याला कार्यक्रम होता. साहजिकच सी. रामचंद्रांची गाणी ठेवली होती आणि भाईजानांनी 'अलबेला'च्या एका गाण्यात वा-वासाठी खास जागा बांधली होती. आदल्या रात्री कोपरगावला उशीर झाला होता आणि मी जॅक उपसायला विसरलो होतो. जागा आली. भाईजानांनी पेडल चालू केले आणि गिटार मुकी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. नऊ व्होल्टची बॅटरी रात्री दहा वाजता पुणतांब्यात कुठून आणणार? त्यांनी पेडल बंद केले तशी साधी गिटार परत आली, पण ती जागा रिकामीच जाऊ लागली. तेवढ्यात मागून मामू उठले. करवंटी त्यांच्या खिशात होती. ती नेहमीच असे. पन्नाशी उलटलेली, पुढचे दोन दात हललेले, लांब सूर टिकत नव्हता. त्यांनी तुटक तुटक सहा-सात वेळा 'वा' काढला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुन्हा म्हणा, असा पुकारा झाला, पण मामूंनी मान हलवली आणि ट्रम्पेट मांडीवर ठेवले. ओठांतून रक्त आले होते, ते मला उजेडात दिसले.

भाईजान माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मामू बोलले. म्हणाले, "बॅटरी अच्छी है. मगर पूछ के नहीं मरती."

पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. मिरवणुकांत डीजे आला आणि बँड वाजवणारी घरे एकेक करून दुसऱ्या कामाला लागली. कोणी रिक्षा घेतली, कोणी भाजीची गाडी. मामू आता नाहीत. त्यांचे ट्रम्पेट विकले गेले. करवंटी कोणी मागितली नाही, ती माझ्या टेबलावर आहे, तिच्यात टाचण्या असतात. मेकॅनिकच्या दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. पुतण्या मोबाइलवर बोट सरकवून तसाच 'वा' काढून दाखवतो, आणि चांगला काढतो.

पेडल अजून चालते. दर वर्षी मृगाच्या आधी मी ते उघडतो, साफ करतो, नवी बॅटरी घालून एकदा वाजवून पाहतो. यंदा 'ऊ'पाशी बरीच खरखर झाली, मग 'आ' स्वच्छ उघडला. मी दोन-चार वेळा पाय हलवला. आतल्या खोलीतून भाईजानांचा आवाज आला, "जॅक काढ."