डिस्क गोल्फ : मोकळ्या मैदानावरची फेरी

टीवरून, म्हणजे फेक सुरू करण्याच्या जागेवरून, डिस्क (चकती) फेकत फेकत, दूर उभ्या केलेल्या साखळ्यांच्या बास्केटमध्ये ती कमीत कमी फेकींत टाकण्याचा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. टीपासून बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल; फेरी बहुधा ९ किंवा १८ होलची असते. फेक जिथे पडली तिथूनच पुढची फेक घ्यायची आणि सगळ्या होलच्या फेकींची बेरीज करायची. काही मैदाने दाट झाडीतून जातात, काही उघड्या माळावरून, टेकड्यांच्या धारेवरून किंवा समुद्राकाठून. ही नोंद मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या मैदानांविषयी आहे.

आजच्या स्वरूपातला खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्नियात घडला. वॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या एड हेड्रिक (१९२४–२००२) यांनी फ्रिसबीला कडेच्या बाजूने वर्तुळाकार रेषा दिल्या, त्यामुळे तिचे उड्डाण स्थिर झाले. १९७५ मध्ये पॅसाडिनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. तिथे लक्ष्य म्हणून नुसते खांब रोवलेले होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद होत. साखळ्या लावलेल्या बास्केटने तो प्रश्न मिटवला. तिचे पेटंट १९७७ चे आहे. व्यावसायिक खेळाडूंची संघटना, पीडीजीए, हेड्रिक यांनीच १९७६ मध्ये सुरू केली. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क तयार करण्यात आल्या. खेळावर इतकी माया असणारा प्रवर्तक क्वचितच आढळेल. १९८३ नंतर इनोव्हा कंपनीने उतरत्या, धारदार कडेच्या डिस्क आणल्या आणि फेकीचे अंतर एकदम वाढले. आज खेळाडूच्या पिशवीत लांब पल्ल्याचे ड्रायव्हर, मधल्या पल्ल्याच्या मिडरेंज आणि बास्केटजवळ वापरायचे पटर असतात.

मोकळे मैदान पाहताक्षणी सोपे वाटते. वाटेत झाड नाही, बास्केट टीवरूनच दिसते, मग जोर लावून फेकावे असा मोह होतो. प्रत्यक्षात इथे वारा अडवायला काहीच नसते, आणि डिस्क वाऱ्याला फार लवकर वश होते. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकलेली डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना ती उजवीकडे कलू पाहते आणि वेग मंदावला की डावीकडे उतरते. यात महत्त्वाचा असतो तो हवेच्या तुलनेतला वेग. समोरून वारा असला की डिस्क जणू अधिक जोरात फेकल्यासारखी वागते : उजवीकडे वळते, वर उचलली जाते, कधी पार उलटते. अशा वेळी न वळणारी, जड डिस्क घेऊन फेक खाली ठेवावी लागते. पाठीमागून वारा असला तर तिला उचल कमी मिळते आणि ती लवकर खाली येते. म्हणून फेक उंच आणि डिस्क सहज वळणारी हवी. आडव्या वाऱ्याची गोष्ट निराळी. तो डिस्कच्या पोटाला लागला तर तिला उचलून दूर नेतो, पाठीवर बसला तर जमिनीकडे दाबतो. त्यामुळे जाणता खेळाडू टीवर उभा राहून आधी चिमूटभर गवत उडवून पाहतो आणि मगच डिस्क निवडतो.

वाऱ्याची ही ताकद विक्रमातही दिसते. मार्च २०१६ मध्ये नेव्हाडातील प्रिमजवळच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनिअर यांनी डिस्क तब्बल ३३८ मीटर फेकली. जागा उघडी होती आणि वारा पाठीशी होता. डिस्क गोल्फच्या फेरीत मात्र एका फेकीत इतके अंतर सहसा लागत नाही. बास्केटपर्यंत नेमके पोहोचणे हेच तिथले कौशल्य.

देखावा आणि अडचण एकाच जागी पाहायची असेल, तर कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ शहराचे डीलाव्हिएगा मैदान घ्यावे. १९८४ मध्ये टॉम शॉट यांनी ते आखले. बराचसा भाग ओकच्या झाडीतून आणि घळींतून जातो. २७ वा होल मात्र ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणून ओळखला जातो. टी उंचावर, समोर उघडी उतरण आणि पलीकडे मॉन्टेरे उपसागर. होल दीडशे मीटरांहून लांब आहे. उतारावर डिस्क जास्त वेळ हवेत राहते, म्हणून शेवटचे डावीकडचे वळणही लांबते. शिवाय ती कडेवर पडली तर चाकासारखी घरंगळत दूर जाते. निळे पाणी पाहून हात सैल सुटला की पुढच्या फेकीला खूप खाली उतरावे लागते.

बास्केटजवळही वारा पाठ सोडत नाही. १० मीटरांच्या आतून पट (बास्केटमध्ये टाकण्यासाठीची जवळची फेक) करताना डिस्क सोडल्यावर तोल सांभाळून दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. समोरच्या वाऱ्यात पट उचलला जाऊन बास्केटवरून निघून जातो आणि उतारावर परतीचा पट पहिल्याहून लांबचा ठरतो. अशा ठिकाणी थेट साखळ्यांवर मारण्यापेक्षा डिस्क बास्केटजवळ अलगद ठेवून पुढच्या फेकीत काम पुरे करणे शहाणपणाचे.

डिस्क गोल्फची बरीच मैदाने सार्वजनिक उद्यानांत असतात. तिथे फिरायला आलेल्या माणसांचा हक्क पहिला. वाट रिकामी होईपर्यंत फेकायचे नाही, आणि डिस्क कुणाच्या दिशेने गेलीच तर ‘फोर!’ म्हणून मोठ्याने ओरडायचे. आधीच्या होलवर कमी फेकी घेणारा टीवरून प्रथम फेकतो, त्यानंतर बास्केटपासून सर्वांत दूर असलेला. उंच गवतात डिस्क सहज दिसेनाशी होते, म्हणून ती जमिनीला टेकेपर्यंत गटातले सगळेच तिच्यावर नजर ठेवतात आणि शोधायलाही सगळे मिळून जातात.