समुद्राची जहागीर

१९७६ साली ब्रिटिश ट्रॉलर माघारी गेले आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा दर्या आइसलँडचा झाला. मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटनशी झालेले 'कॉड युद्ध' आइसलँडने जिंकले, पण कॉड मासा घटतच चालला होता. म्हणून १९८४ पासून दहा टनांहून मोठ्या प्रत्येक बोटीला कोटा ठरला. आधीच्या तीन वर्षांत बोटीने किती मासळी धरली, यावर तिचा वाटा. तो मिळाला बोटमालकाला. त्याच बोटीवर गारठ्यात जाळी ओढणाऱ्या खलाशाला नाही, बंदरावरच्या कारखान्यात मासळी कापणाऱ्या बायकांनाही नाही.

१९९० च्या कायद्याने हा कोटा विकायची आणि भाड्याने द्यायची मोकळीक दिली. मासळी ही साऱ्या राष्ट्राची सामाईक मालमत्ता आहे, असे त्याच कायद्याचे पहिले कलम म्हणते.

बोटी कमी झाल्या, धंदा नफ्यात आला, हे खरे. पण कोटा मोठ्या कंपन्यांकडे गोळा होत गेला. लोक कोटाधारकांना दर्याचे जहागीरदार म्हणू लागले आणि भाड्याच्या कोट्यावर मासळी धरणाऱ्यांना कुळे. पूर्वापार खलाशाची कमाई म्हणजे धरलेल्या मासळीतला वाटा. आता कोट्याच्या खर्चाची झळ त्या वाट्यालाच बसू लागली. १९९४ आणि १९९८ च्या संपांमागे हेच दुखणे होते.

वायव्येकडच्या फ्लातेइरी गावाने १९९५ च्या हिमलोटात २० माणसे गमावली, तरी गाव पुन्हा उभे राहिले. २००७ मध्ये तिथल्या मुख्य मासळी कंपनीने कोटा विकला आणि सुमारे तीनशे वस्तीच्या गावातल्या शंभरावर लोकांचे काम गेले. बंदर तेच, समोरचा मासाही तोच; तो धरायचा हक्क मात्र गावात उरला नाही.

दोन मच्छीमारांनी २००१ मध्ये जाणूनबुजून कोट्याशिवाय मासळी धरली आणि शिक्षा ओढवून घेतली. देशातली न्यायालये त्यांच्या विरोधात गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने मात्र २००७ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला : पिढीजात धंदा करणाऱ्यांना मूठभरांकडून हक्क विकत घ्यायला लावणे हा भेदभाव आहे.

२००९ पासून लहान बोटींना उन्हाळ्यात कोट्याशिवाय मासेमारी करता येते. आठवड्याचे चार दिवस, दिवसाला चौदा तास, बोटीवर गळाच्या दोरीची जास्तीत जास्त चार रिळे. पंचवीस वर्षांनी किनाऱ्यावरच्या गावांना एवढाच दर्या परत मिळाला, आणि तो पुरेसा नाही.