वॉकर, फुलर, टकर: एकाच हौदातली तीन आडनावं

तुमच्या घरी बाथरूमच्या कपाटात मुलतानी मातीचं पाकीट असेल, तर ते जरा उलटून बघा. बहुतेक पाकिटांवर इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' असं लिहिलेलं असतं, म्हणजे फुलरची माती. हा फुलर कोण? आणि तुमच्या वर्गातल्या वॉकरशी आणि ऑफिसातल्या टकरशी त्याचं काय नातं?

नातं सरळ आहे. तिघांची आडनावं एकाच धंद्यातून आली.

मध्ययुगीन इंग्लंड लोकरीवर जगत होतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असे. त्यात मेंढीच्या अंगची चरबी असे, शिवाय सूत कातताना वापरलेलं तेलही. ते कापड हौदात घालून त्यावर पाणी, चरबी शोषणारी ती माती आणि शिळी लघवी ओतायचे, आणि मग माणसं उघड्या पायांनी तासन्‌तास ते तुडवायची. हो, लघवीच. ती शिळी झाली की तिच्यात अमोनिया तयार होतो आणि तो साबणासारखं काम करतो. तुडवल्यामुळे लोकरीच्या धाग्यांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून दाट, उबदार होतं. त्यानंतर ते लाकडी चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवत. त्या आकड्यांना 'टेन्टरहुक' म्हणत. कोणी 'ऑन टेन्टरहुक्स' आहे असं इंग्रजीत म्हणतात, तेव्हा आपल्या मराठीत त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो!

आता गंमत अशी, की या एकाच कामगाराला प्रांताप्रांतात वेगळं नाव होतं. डेव्हन, सॉमरसेट या नैर्ऋत्येकडच्या भागात तो टकर. जुन्या इंग्रजीत 'टुकियन' म्हणजे छळणं, पिडणं. कापडाचे जे हाल व्हायचे ते पाहता नाव चपखल आहे. एक्झिटरमध्ये विणकर आणि टकरांच्या संघाने 1471 मध्ये बांधलेला 'टकर्स हॉल' आजही उभा आहे. केंट, ससेक्स, नॉरफोक, सफोकमध्ये तोच माणूस फुलर. या शब्दामागे लॅटिन 'फुल्लो' आहे. आणि उत्तरेत व मिडलंड्समध्ये तो वॉकर.

वॉकर म्हणजे चालणारा, असं सगळ्यांनाच वाटतं. पण इथे गाडी उलटी आहे. जुन्या इंग्रजीतल्या त्या क्रियापदाचा अर्थ होता घोळणं, उलटंपालटं करणं. त्यावरून कापड घोळणारा तो वॉकर. 'पायी जाणं' हा अर्थ त्याच क्रियापदाला पुढे चिकटला. जर्मनमध्ये 'वाल्कन' अजूनही कापडाचंच काम आहे. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बायका टेबलाभोवती बसून ओलं कापड आपटत आणि त्या तालावर गाणी म्हणत. त्या कामाला इंग्रजीत 'वॉकिंग'च म्हणतात, फक्त स्पेलिंग वेगळं. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या आजीला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पण धंद्याचं नाव आडनाव कधी झालं? 1066 च्या नॉर्मन विजयानंतर आधी जमीनदारांची, मग हळूहळू सामान्यांची आडनावं रुळत गेली. एका गावात दहा जॉन असले, की कारकुनाला खूण लागते: हा अमक्याचा मुलगा, हा टेकडीजवळचा, हा कापड तुडवणारा. 1377, 1379 आणि 1381 च्या डोईपट्टीने सामान्य माणसांची नावं कागदावर आणली. 1538 मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी लागली. बापाचं नाव मुलाला चिकटलं, मग मुलगा पाव भाजो की बूट शिवो.

तोवर ते काम बदललंही होतं. टेम्पलर या लष्करी धर्मसंघाच्या मालमत्तेच्या 1185 च्या यादीत पाण्यावर चालणाऱ्या अशा गिरण्यांची नोंद आहे. माणसाच्या पायांची जागा लाकडी हातोड्यांनी घेतली. इलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी 1941 मध्ये या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. म्हणजे बऱ्याच वॉकरांना हे आडनाव मिळालं, तेव्हा पायांनी तुडवण्याचे दिवस सरत आले होते.

पुढे ही नावं समुद्रापार गेली. 1620 च्या मेफ्लॉवर जहाजावर एडवर्ड आणि सॅम्युअल हे फुलर बंधू होते, गाव नॉरफोकमधलं. नकाशाशी बरोबर जुळतं. पण व्हर्जिनियातल्या 1625 च्या गणतीत कॅप्टन विल्यम टकरच्या घरी अँटनी आणि इझाबेल हे आफ्रिकन जोडपं आणि त्यांचा बाप्तिस्मा झालेला मुलगा विल्यम नोंदलेला आहे. त्यांच्यापुढे आडनाव नाही, फक्त वंश लिहिलाय. हॅम्प्टनचं एक कृष्णवर्णीय टकर कुटुंब आपली वंशावळ या मुलापर्यंत नेतं. त्यांच्या पूर्वजांनी डेव्हनचा हौद कधी पाहिला नव्हता. आडनाव मालकाकडून आलं.

म्हणून आडनावावरून रक्त ओळखायला जाऊ नका. लेस्टर विद्यापीठाच्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 मध्ये पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. दुर्मीळ आडनावांत समान पूर्वज सापडले. स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या नावात मात्र दोन स्मिथ कुठल्याही दोन अनोळखी माणसांइतकेच परके निघाले. पर्यटकांच्या दुकानात 'वॉकर घराण्याचं राजचिन्ह' छापलेले मग मिळतात. इंग्लंडमध्ये असं चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलं जातं, आडनावाला नाही. त्या मगवर पैसे घालवू नका.

मला या सगळ्यात एक गोष्ट बोचते. शिळ्या लघवीत उभं राहून केलेल्या कामाचं हे नाव. तरी आज कोणी वॉकर ओळख करून देतो, तेव्हा समोरचा नाक मुरडत नाही. त्याला तो हौद आठवतही नाही. मुलगा धंदा सोडून गेला आणि नावाचा वास उडून गेला. आपल्याकडे 'आडनाव काय?' हा प्रश्न अजूनही कधीकधी जात काढण्यासाठी विचारला जातो, अगदी इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा. नुसत्या गावाच्या नावापुढे 'कर' लागलेलं असलं, तर लोक पुढचा प्रश्न विचारतात. घाम आणि चिखल दोन्हीकडे होता. फरक आहे तो माणसाला नावासकट हौदाबाहेर पडू दिलं की नाही, याचा.

पुढच्या वेळी तो प्रश्न तुम्हाला कोणी विचारला, तर आडनाव जरूर सांगा. आणि जमलं तर त्यांना मुलतानी मातीची गोष्टही सांगा.