जर, तर आणि आजीची आजी

शाळेत भूमिती शिकवताना फळ्यावर आधी 'पक्ष' लिहायचा, मग 'साध्य', मग 'सिद्धता'. कायदाही असा मांडता येईल का? अमेरिकेत हा प्रश्न नेटाने लावून धरला लेमन अ‍ॅलन यांनी. १९५७ साली येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यांचे म्हणणे असे की कायद्यातली पुष्कळ भांडणे 'जर', 'किंवा', 'नसल्यास' अशा बारक्या शब्दांवरून होतात.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. "पाऊस नसला तर येईन," असे मामा सांगून गेले. पाऊस पडला, आणि तरी मामा छत्री घेऊन दारात हजर! मामांनी शब्द मोडला का? तर्काने पाहिले तर नाही. पाऊस असल्यास काय करणार, हे ते बोललेच नव्हते. पण घरात त्यांच्यापुरता भात टाकलेला नव्हता. कायद्यात अशा वाक्यावर लोकांचा पगार आणि जमीनजुमला अवलंबून असतो. म्हणून अ‍ॅलन म्हणत, वाक्याचे तुकडे करा आणि कोणता अर्थ हवा ते चिन्हांनी स्पष्ट लिहा. त्यांनी तर्कशास्त्र शिकवण्यासाठी फाशांचा खेळही काढला होता. मला तो माणूस आवडतो तो यामुळेच.

पुढे संगणक आले. रॉबर्ट कोवाल्स्की या मूळच्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने लंडनमध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा 'जर-तर'च्या नियमांत बसवला. हे काम १९८६ साली प्रसिद्ध झाले. आईवडिलांपैकी एक जण नागरिक असला तर मूल नागरिक. ठीक. मग संगणक विचारतो, आई नागरिक कशावरून? तिची आई नागरिक होती म्हणून. ती कशावरून? असा तो मागे मागे जातच राहतो. कंटाळणे त्याला ठाऊक नाही. कुठेतरी "हे मान्य, पुढे विचारू नकोस" असे माणसानेच लिहून द्यावे लागते. त्या कायद्यात तशी एक जागा आहे. ब्रिटनमध्ये टाकून दिलेले तान्हे मूल सापडले, तर उलट पुरावा मिळेपर्यंत ते तिथेच, योग्य आईबापांच्या पोटी जन्मले असे धरतात. ज्याच्याजवळ कागदाचा कपटा नाही, त्याच्यावर कायदा आधी विश्वास ठेवतो.

अमेरिकेने आपल्या देशबांधवांवर असा विश्वास ठेवला नव्हता. त्या काळी बाहेरून आलेल्याला नागरिक व्हायचे तर तो 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असावा लागे. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कारण दिले की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस तसा नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंद यांनी हेच विधान पक्ष म्हणून घेतले. गोरा म्हणजे कॉकेशियन; त्या वेळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानी माणसाला कॉकेशियन म्हणतात; म्हणून मी गोरा. भूमितीच्या वहीत या सिद्धतेला पूर्ण गुण मिळाले असते. फेब्रुवारी १९२३ मध्ये, तीनच महिन्यांनी, न्यायालयाने पक्षच बदलला: शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सोडा, सामान्य माणूस गोरा कोणाला म्हणतो ते पाहा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिलेले. मग आधीच नागरिक झालेल्या कित्येक हिंदी लोकांचे नागरिकत्व सरकारने काढून घेतले.

थिंद यांच्या वकिलांत एक होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, पण नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थांबतोच. पंडित १९१४ सालीच नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करीत. सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. गोरेपणाच्या वादापेक्षा त्यांना उपयोगी पडला तो दुसराच मुद्दा: १९१४ ला न्यायालयापुढे हे सर्व तपासून झाले आहे, सरकारने तेव्हा अपील केले नाही, त्या निकालाच्या भरवशावर मी वकिली, घर, संसार उभा केला, आता ते उकरू नका. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने हे मानले. संगणकाला सांगावे लागते तेच त्यांनी न्यायाधीशांना सांगितले. थिंद यांना मात्र नागरिकत्वासाठी १९३६ पर्यंत थांबावे लागले, आणि तेही माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याने मिळाले.

आता आपल्या घरची गोष्ट. वाचकांपैकी अनेकांना ती माझ्याहून चांगली आठवत असेल. १९६१ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाहाला हरकत नाही असे ठरवले. पण १९६२ च्या सूचनांत विवाह नोंदणाऱ्यांना सांगितले की बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी, आजीची आई, शक्य तितके मागे जाऊन चौकशी करा. यहुदी आईचे मूल यहुदी, हा नियम सर्व यहुद्यांना सारखाच. त्या संगणकासारखे विचारत गेले तर जगातली कोणतीही आजी कधीतरी निरुत्तर होणार. इतरांच्या बाबतीत प्रश्न आईवडिलांपाशी थांबे. आपल्या बाबतीत तो पणजीच्या पलीकडे, थेट नवगावच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ शकत होता. तिथे गलबत फुटून वाचलेल्या सात स्त्रियांकडे केतुबा कोण मागणार? सगळे समुद्रात गेलेले.

१९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. १७ ऑगस्टला क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांसारखेच असल्याचे जाहीर केले. त्यानंतर रब्बीमंडळाने सूचनांतून आपले नाव काढले. आधीचे वाक्य होते: जर बेने इस्राएल, तर चौकशी. नवे झाले: जर शंका, तर चौकशी. फळ्यावर लिहून पाहिले तर फरक खरा आणि मोठा आहे. नाव गेले, नियम सर्वांना एक झाला. मात्र शंका कोणाला यावी आणि कोणाविषयी यावी, हे त्या वाक्यात लिहिलेले नव्हते.