आकलनाचा प्रश्न : मराठी वाचनपाठांचा इतिहास आणि परळी वैजनाथ

मुलांच्या हाती द्यावयाचा वाचनपाठ कसा असावा, याचा विचार मराठीत सुमारे दोनशे वर्षे चालत आला आहे. त्या पाठाखाली कोणता प्रश्न घालावा, याचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला. वस्तुतः मुलाला पाठ समजला की केवळ वाचता आला, याचा निर्णय प्रश्नावरूनच होतो. परळी वैजनाथसारखे जे गाव मराठी पाठ्यपुस्तकांच्या मूळ क्षेत्राबाहेर दीर्घकाळ राहिले, तेथे हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

मुंबई इलाख्यात सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तके १८२८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. 'बाळमित्र'चे मूळ बर्कें या फ्रेंच लेखकाच्या बालग्रंथात असून तो इंग्रजीच्या वाटेने मराठीत आला. या काळात गोष्ट ही नीतीचे वाहन होती; तात्पर्य सांगता आले की पाठ समजला, असे मानले जाई. पुढे मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हांची पद्धत रुजविली व क्रमिक पुस्तके सिद्ध केली. मोडी लिखाणात शब्द तोडून लिहिण्याची प्रथा नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे मनातल्या मनात वाचून अर्थ लावण्याच्या दृष्टीने या सुधारणेचे मोल कळते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने उपदेशाऐवजी मुलाच्या आनंदाला पहिले स्थान दिले.

ही सर्व परंपरा परळीस उशिरा लाभली. परळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती व माध्यमिक शिक्षणाचे मुख्य माध्यमही तेच होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही अध्यापन उर्दूतूनच चाले. घरात मराठी बोलणारा मुलगा वरच्या इयत्तेत गेला की घरची भाषा वाचनातून मागे पडे. हिप्परगे व अंबेजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले, त्या राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रयत्नांना या पार्श्वभूमीवर महत्त्व आहे. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे 'बालभारती', स्थापन झाले. त्यानंतर परळीच्या आणि पुण्याच्या मुलांपुढे एकच पाठ आला.

पाठ एक झाला, तरी प्रश्नाचे काय ? 'कोल्हा विहिरीवर आला' या वाक्याखाली 'कोल्हा कोठे आला ?' असे विचारले, तर मूल 'विहिरीवर' असे उत्तर देते. परंतु 'डोमा फिंजरीवर आला' अशा निरर्थक वाक्यावरही 'फिंजरीवर' हे उत्तर तितक्याच सहजतेने देता येते. मराठीचा विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय उत्तराची जागा आपण होऊन दाखवितात. तेथे अर्थाची गरजच पडत नाही. याउलट 'कोल्हा आला. पाणी फार खोल होते. तो तसाच परत गेला' यावर 'तो परत का गेला ?' असे विचारले, तर दोन वाक्यांमधील न लिहिलेला संबंध मुलाला स्वतः जोडावा लागतो. आकलन ते हेच होय.

निसर्गपाठात ही कसोटी अधिक कठीण होते. मराठवाड्यातील मुलाला विहिरीवर झुकलेल्या बाभळीवरचे सुगरणीचे खोपे परिचित असतात. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. १९५२ मध्ये अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांतही ही पक्षीण पिलांसाठी घर विणणारी आई आहे. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. मादी अर्धवट घरटे पारखते आणि तिने पसंत केले तरच नर ते पूर्ण करतो. कविता आणि निसर्गपाठ शेजारी ठेवून 'दोहोंत फरक कोठे आहे व का ?' असे विचारले, तर मुलाला व्याकरणातील लिंग आणि सृष्टीतील लिंग वेगळे करावे लागते. असा प्रश्न पाठांतराने सुटत नाही.

२००१ पासून दर पाच वर्षांनी होणाऱ्या 'पर्ल्स' या आंतरराष्ट्रीय वाचनपरीक्षेतही कथा व माहितीपर लेख असे दोन्ही प्रकार योजलेले असून, तर्काने काढावयाच्या उत्तरांना स्वतंत्र स्थान आहे. भारतातील 'असर' सर्वेक्षणात २००५ पासून वाचनाची सर्वांत वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट होय. ती वाचता येणे हे आवश्यक आहे. तथापि ते आकलनाचे केवळ प्रवेशद्वार आहे.

बीड जिल्ह्यात या विचारास आणखी एक बाजू आहे. ऊसतोडणीसाठी अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात व कित्येक महिने परतत नाहीत. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांचा क्रमाने चालणारा अभ्यास मधेच तुटतो. एका बैठकीत पुरी होणारी गोष्ट वा छोटा निसर्गलेख मात्र तुटत नाही; तो कोठेही वाचता येतो व त्यावर बोलताही येते. तांड्यावर घरी बंजारा बोली बोलणाऱ्या मुलाला तर मराठी शब्द ओळखणे आणि अर्थ जोडणे ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात. अशा मुलाने 'विहिरीवर' हे उत्तर बरोबर दिले, एवढ्यावरून त्याला पाठ समजला असे मानले, तर त्याची अडचण शाळेच्या दृष्टीस कधीच पडणार नाही.