आठवड्याची घंटा

पोटापाण्यासाठी गाव सोडून आम्ही पीण्यात आलो, तेव्हा लेथचा आवाज ओळखीचा होता. माणसे मात्र अनोळखी होती. अशाच एकटेपणातून रोटरीचा जन्म झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. लहान गावात वाढलेल्या पॉल हॅरिस या वकिलाला शिकागोत आपुलकीची उणीव भासे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने तीन स्नेह्यांसह पहिली बैठक भरविली. पुढे सभा पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे. त्या फिरतीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. बेंगळुरात ती १९३४ साली आली. कालांतराने पीण्याच्या नावाचाही क्लब निघाला.

घंटा, हजेरी, भोजन, व्याख्यान हा साप्ताहिक सभेचा क्रम वरवर औपचारिक वाटतो. परंतु नित्य भेटीतून विश्वास आणि विश्वासातून कार्य उभे राहते. १९८५ साली रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला. घरोघरी लस पोहोचविणाऱ्या शासकीय मोहिमेस तिचे सभासद वर्षानुवर्षे साहाय्य करीत राहिले. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला.

या वर्तुळातही उणीव होती. स्त्रियांना सभासदत्वाचे दार १९८९ साली उघडले.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्हीही स्वतःस विचारावे: आपले मंडळ केवळ गणपतीपुरते आहे काय? आणि आपल्या सभेत कन्नड शेजाऱ्यासाठी एक खुर्ची राखलेली आहे काय?